आल्यागेल्याची नोंद

रीडिंग
९ ऑक्टोबर २००५

काका,

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि ई-मेल तुम्ही उघडत नाही, म्हणून शेवटी ड्रॉवरमधून बॉलपेन शोधून काढलं. अतुल म्हणतो, नवऱ्याला कधी चार ओळी लिहिल्या नाहीस आणि काकांना पत्रं. तीर्थरूप वगैरे लिहिलं तर तुम्ही हसाल, म्हणून नुसताच नमस्कार.

मागच्या महिन्यापासून मी नव्या प्रोजेक्टवर आहे, आणि विषय ऐकून तुम्ही कॉव्हेंट्रीत खुर्चीवरून उठाल. लाळ्या-खुरकूत! २००१च्या साथीत तुम्ही रिटायर झालेले असूनही गुरांचे डॉक्टर म्हणून कंब्रियात जाऊन राहिला होतात ना, तीच. त्या साथीनं इथली रोगावर नजर ठेवायची सगळी व्यवस्था उघडी पाडली. कुठलं जनावर कुठून कुठे गेलं, कुठल्या फार्मवर कोण येऊन गेलं, कुणालाच धड माहीत नव्हतं. आता ते सगळं नव्यानं उभं करतायत. जुन्या फाइल्स वाचून, साफ करून नव्या सिस्टिममध्ये घालायचं काम आमच्या टीमकडे आहे. मी, पुण्याची मुलगी, जिनं गाय फक्त रस्त्यात आडवी बसलेली बघितलीय, ती दिवसभर मेंढ्या मोजते.

दोन हजारांवर फार्म आहेत. प्रत्येकापुढे एक रकाना, रोग कुठून आला. बहुतेकांचं काहीतरी जुळतं. एकाचं काही केल्या जुळत नाही. थॉर्नरिग नावाचं फार्म, तुमच्याच भागातलं. आसपास रोग नाही, वारा उलटा. ‘आलं-गेलं कोण?’ पुढे लिहिलंय, कुणी नाही. मग कुणीतरी कोड नऊ टाकलाय. कोड नऊ म्हणजे शेतकऱ्यानं परवान्याशिवाय चोरून जनावरं आणली असावीत. त्याच्यामागोमाग शेजारच्या पाच फार्मवरची जनावरं खबरदारी म्हणून मारली. तुम्हाला काही आठवतं का?

आणि फॉर्म कसा असावा तेही सांगा. आमच्या टीममध्ये गमबूट घातलेला एकही माणूस नाही.

तुमची
निवी

---

कॉव्हेंट्री
१८ ऑक्टोबर २००५

चि. निवी,

पत्र मिळालं. अक्षर तुझ्या बापासारखंच आहे, मुंगी शाईत पडून चालत गेल्यासारखं. पण लिहिलंस, बरं वाटलं. तुझी काकू, मधू, गेल्यापासून या दारातून फक्त कौन्सिलची पाकिटं येतात.

फॉर्मचं विचारतेस म्हणून सांगतो. तुम्ही कॉम्प्युटरवाले यादी देता आणि म्हणता, यातलं एक निवडा. शेतकरी यादीतलं बोलत नाही. तो तुम्हाला गोठा दाखवतो, हवामानाला शिव्या देतो, आणि तुम्ही निघालात की फाटकावर हात ठेवून म्हणतो, तसं काही नाही, पण मंगळवारी एक माणूस येऊन गेला. कामाची गोष्ट ती असते. तेव्हा फॉर्मच्या शेवटी चार कोऱ्या ओळी ठेवा. आणि विचारणारा साहेबासारखा नको. साहेबाला माणसं ‘कुणी नाही’ म्हणतात, म्हणजे साहेब लवकर जातो.

दुसरं, नजर ठेवणं म्हणजे नकाशावर टाचण्या टोचणं नव्हे. पहिलं लंगडणारं जनावर ज्याला दिसतं, त्यानं न घाबरता फोन केला पाहिजे. तो केला नाही तर तुमची यंत्रणा नुसती शोभेची.

थॉर्नरिग आठवत नाही. तीन महिन्यांत दीडशे फार्म पाहिली मी, सगळीकडे तोच पाऊस आणि तोच धूर. पण कोड नऊ मूर्खपणाचा आहे. त्या म्हाताऱ्यानं जन्मात कागदाशिवाय कोंबडीसुद्धा हलवली नसेल. काढून टाका तो.

थंडी सुरू झाली, स्वेटर घालत जा.

काका

---

रीडिंग
६ नोव्हेंबर २००५

काका,

दिवाळीची चकली पोचली का? या वर्षी मोडली तरी खुसखुशीत झालीय, दात लावून बघा.

आता रागवू नका. तुमचं पत्र मी चारदा वाचलं. शेतकरी म्हातारा होता असं मी कुठे लिहिलं होतं?

तुम्हाला फार्म आठवतं. मग सांगत का नाही? मी कोड असाच काढू शकत नाही. जुनी नोंद बदलायला नवा पुरावा लागतो, सही केलेला, आणि तोही ३१ जानेवारीच्या आत. त्यानंतर जुना डेटा बंद करून सिस्टिम सुरू होणार.

हे बाहेर सांगायचं नसतं, माझी नोकरी जाईल, तरी सांगते. त्या फाइलमध्ये शेतकऱ्याच्या बायकोची तीन पत्रं आहेत. जीन टॅलेंटायर. पहिल्यात ती लिहिते, माझ्या नवऱ्यानं आर्थरनं पन्नास वर्षांत एक जनावर विनापरवाना हलवलं नाही, कृपा करून हे काढा. दुसऱ्यात लिहिते, शेजारी बोलत नाहीत, बाजारात आर्थर उभा राहिला की माणसं दुसरीकडे जातात. तिसरं मागच्या वर्षीचं. आर्थर गेला. लिहिते, या दरीत कुणी गेलं की चर्चमध्ये उभं राहायला जागा नसते. आर्थरला सहा माणसं होती, आणि त्यातला एक शवपेटी उचलणाऱ्यांचा ड्रायव्हर.

तिन्ही पत्रांना ऑफिसचं एकच उत्तर आहे, नवा पुरावा नाही.

काका, तुम्ही तिथे गेला होतात का?

निवी

---

कॉव्हेंट्री
२० नोव्हेंबर २००५

निवी,

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. साडेचार वर्षं तोंड बंद ठेवलं आणि एका ‘म्हाताऱ्या’त सापडलो.

सहा माणसं होती हे मला माहीत नव्हतं. जीननं आर्थर गेल्याचं कार्ड पाठवलं होतं, अंत्यविधीची तारीख-वेळ सगळं लिहून. मी गेलो नाही. गुडघे दुखतात असं कळवलं.

गेलो होतो थॉर्नरिगला, एप्रिलमध्ये. पहिल्यांदा रीतसर, तपासणीला. जनावरं ठणठणीत होती. डोंगरावरच्या मेंढ्या त्यांच्या, चारशे. त्यांना कुंपण लागत नाही गं. आई कोकराला आपली हद्द दाखवते, ते मोठं होऊन आपल्या कोकराला. आर्थर म्हणायचा, या माझ्या आजोबांच्या आधीपासून इथे आहेत. मी मांस खात नाही म्हटल्यावर जीननं चीज आणि कांदा भरून ओव्हनमध्ये ‘पाय’ भाजला आणि उरलेला टिनच्या डब्यात घालून बरोबर दिला.

मग मला रोग लागलेल्या फार्मांवर घातलं. तिथून आलेल्या डॉक्टरला ‘डर्टी’ म्हणत. पुरे तीन दिवस त्यानं निरोगी फार्मच्या वाऱ्यालासुद्धा उभं राहायचं नाही. शुक्रवारी दुपारी एक फार्म मारून मी शनिवार-रविवार घरी आलो. मधूनं बेसनाचे लाडू केले. मी म्हटलं, त्या बाईचा डबा परत द्यायचाय. ती म्हणाली, मग रिकामा कसा द्याल? आपल्यात कुणाचा डबा रिकामा परत जात नाही. लाडू टिनमध्ये वास धरतात म्हणून तिनं आपल्या स्टीलच्या डब्यात भरले, लग्नातला, झाकणावर नाव घातलेला. मला म्हणाली, हा मात्र आठवणीनं परत आणा.

सोमवारी सकाळी साडेनऊला मी थॉर्नरिगच्या फाटकावर दोन्ही डबे ठेवले. तीन दिवस दुपारी पुरे होत होते. अडीच तास कमी होते. नऊ दिवसांनी तिथे रोग निघाला.

‘आलं-गेलं कोण?’ या प्रश्नाला जीननं ‘कुणी नाही’ म्हणून सांगितलं. माझी नोकरी जाऊ नये म्हणून. मला ते दुसऱ्या दिवशी कळलं आणि मी गप्प बसलो. मधूनं डबा विचारला तेव्हा म्हटलं, लॉजवर हरवला. ती जाईपर्यंत त्या डब्यासाठी हळहळत होती.

काका

---

रीडिंग
२७ नोव्हेंबर २००५

काका,

एवढंच ना? मला वाटलं काय नि काय.

आज रविवार असून ऑफिसला जाऊन फाइल पुन्हा काढली. नीट वाचा. रोग फाटकापाशी सुरूच झाला नाही. जिभेवरच्या जखमा किती जुन्या आहेत त्यावरून पहिलं जनावर ओळखतात, हे तुम्हाला मी काय सांगणार. थॉर्नरिगला पहिली आजारी पडली ती एक कालवड. आतल्या गोठ्यात एकटी बांधलेली होती, पायाला काहीतरी लागलं होतं म्हणून. फाटकावरच्या लाडवाच्या डब्याचा आणि तिचा काय संबंध? तुम्ही सुटलात.

आर्थरचं वाईट झालं, पण ते तुमच्यामुळे नाही. आता निवेदनं वगैरे नकोत. तुमचं डॉक्टर म्हणून नाव आहे, पेपरवाले घरी येतील, आणि गेलेला माणूस परत येणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

नाताळात इकडे या. अतुल स्टेशनवर घ्यायला येईल.

निवी

---

कॉव्हेंट्री
११ डिसेंबर २००५

निवी,

तुझं पत्र वाचून मी तीन दिवस घराबाहेर पडलो नाही. कालवडीचं मला माहीत नव्हतं. फाइल मी कधी पाहिली नव्हती आणि विचारायची हिंमत केली नव्हती. पहिली कोण, हे न कळण्यावर मी इतकी वर्षं जगलो.

आता उरलेलं सांगतो. डबे ठेवून मी वळलो तेवढ्यात आर्थर बाहेर आला. म्हणाला, डॉक्टर, चहा. मी म्हटलं, अजून अडीच तास मला येता येत नाही. तो म्हणाला, अडीच तासांत चहा गार होईल. तीन आठवडे मी रोज लोकांची जनावरं मारत होतो, निवी. माझ्याशी कुणी चहाचं बोललं नव्हतं. ज्या घरात जायचो तिथली बाई तोंड फिरवायची. मी आत गेलो. जीननं लाडू बशीत काढले, आर्थरनं दोन खाल्ले.

मग तो म्हणाला, आलाच आहात तर एक कालवड लंगडतेय, बघता का? खूर उचलला. फटीत खडा अडकला होता, काढला. दोन मिनिटांचं काम. मी वाकलेला असताना तिनं माझं डोकं चाटलं. आर्थर हसला.

डोक्यावर मधूनं विणलेली कानटोपी होती. बूट, कोट, हात, गाडी, सगळं मी औषधानं धुतलं होतं, दोनदा आंघोळ केली होती. कानटोपी धुतली नव्हती. शुक्रवारीही तीच होती, वर अंगभर घालायच्या पांढऱ्या सूटची टोपी म्हणून लक्षात आलं नाही. नऊ दिवसांनी आलं. तेव्हा ती मी लॉजच्या शेगडीत जाळली.

रोग माझ्याच टोपीतून गेला असं छातीवर हात ठेवून मी सांगू शकत नाही, कुणीच सांगू शकणार नाही. पण डर्टी डॉक्टर आत आला होता, त्यानं त्याच कालवडीला हात लावला होता, आणि आर्थरच्या नावापुढे चोरी लिहिलीय. आर्थरनं माझं नाव घेतलं नाही. शेजाऱ्यांनी तोंडं फिरवली तरी घेतलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची असेलही, पण ती झाकली आर्थरनं, आणि आत पाप माझं.

सोबत इंग्रजीत निवेदन आहे, सही-तारखेसह. तुझ्या साहेबांना दे. ३१ जानेवारीच्या आत.

काका

---

रीडिंग
८ जानेवारी २००६

काका,

निवेदन मिळालं. दिलं. आता त्याचा विचार करू नका.

इथे कामाची फार घाई आहे, म्हणून चारच ओळी. तब्येत सांभाळा. गोळ्या वेळेवर घ्या.

निवी

---

कॉव्हेंट्री
२१ फेब्रुवारी २००६

चि. निवी,

सोबतच्या पार्सलमध्ये केकचा तुकडा आहे. आधी तो खा, मग पुढे वाच.

तुझं ‘दिलं’ वाचल्यापासून मला घरात चैन पडेना. मग मागच्या मंगळवारी गाडीत बसलो आणि थेट थॉर्नरिगला गेलो. फाटक तेच, आत सगळं शांत. एक कुत्रं भुंकलं, तेही म्हातारं. जीन आता एकटीच असते. मेंढ्या तिनं पुन्हा घेतल्या नाहीत. म्हणाली, विकतच्या मेंढ्यांना डोंगर कोण शिकवणार.

मी उभ्यानंच सगळं सांगितलं, कानटोपीसकट. तिला कानटोपीचं माहीत नव्हतं. मग म्हणाली, आर्थरला संशय होता. म्हणायचा, डॉक्टर स्वतः येऊन सांगेल, त्याला वेळ दे. तीन वर्षं दिली त्यानं, निवी. मग त्याचीच संपली.

मी रडलो. तिच्यासमोर, एवढा म्हातारा माणूस.

मग म्हटलं, जीन, आता ते कागदावर आलंय. मी सही करून दिलं, सरकारी ऑफिसात पोचलं, आर्थरचं नाव साफ झालं. तिनं पुन्हा विचारलं, खरंच? मी म्हटलं, माझी पुतणी तिथे कामाला आहे, तिनं स्वतः दिलं. निघताना तिनं वरच्या फळीवरून मधूचा डबा काढला. लख्ख घासलेला. पाच वर्षं जपला होता. म्हणाली, तुमच्यात रिकामा देत नाहीत ना? थांबा जरा. आणि सकाळीच केलेला फ्रूट केक त्यात बसवला. रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर सांगणार आहे म्हणाली, नावानिशी.

डबा मी मधूच्या फोटोपाशी ठेवलाय. तिला म्हटलं, घे बाई, मिळाला.

तुझे उपकार फेडता येणार नाहीत.

काका

---

रीडिंग
१२ मार्च २००६

काका,

केक मी खाल्ला नाही. तसाच कागदात आहे.

निवेदन मी दिलं नाही.

द्यायला निघाले होते. दोनदा साहेबांच्या दारापर्यंत गेले. मग वाटलं, ते विचारणार, तुझ्या काकांना या फाइलचं कळलं कसं? जीनची पत्रं मी तुम्हाला लिहून पाठवली होती. नोकरी गेली की व्हिसा जातो, महिन्याभरात बॅगा भरायच्या. अतुलचा व्हिसाही माझ्यावर आहे. आणि स्वतःला सांगितलं की मी तुम्हालाच वाचवतेय. ३१ जानेवारीला संध्याकाळी डेटा बंद झाला तेव्हा ते पाकीट माझ्या पर्समध्ये होतं.

वाटलं, तुम्हाला ‘दिलं’ म्हटलं की तुमचं मन शांत होईल आणि गोष्ट तिथेच संपेल. तुम्ही तिच्याकडे जाल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

सिस्टिम १ मार्चला सुरू झाली. टाळ्या वाजल्या, केक कापला. आता जुना कोड बदलता येत नाही. नवीन पुरावा आला तर खाली टीप जोडतात, पण वर कोड नऊच दिसतो. तो नियम लिहिणाऱ्यांत मीही होते.

तुमचं पत्र येऊन अठरा दिवस झाले. रोज लिहायला बसले. काय करू सांगा. तुम्ही सांगाल ते करीन.

निवी

---

कॉव्हेंट्री
२६ मार्च २००६

निवी,

तुझं पत्र यायच्या दोन दिवस आधी जीनची चिठ्ठी आली होती. तिनं ऑफिसला दुरुस्त नोंदीची प्रत मागितली होती, फ्रेम करून लावणार होती. त्यांनी कळवलं, नोंदीत काहीही बदल नाही. तिनं मला दोनच वाक्यं लिहिलीत. मी सगळ्यांना चर्चमध्ये सांगून बसले. आता ते मला वेडी समजतात.

मी तिला उलट टपाली लिहिलं, सरकारी काम आहे, उशीर होतो, धीर धर. आणि मग तुझं पत्र आलं.

तुझ्यावर रागवायचं म्हणून सकाळपासून तीन कागद फाडले. तोंड नाही मला. साडेचार वर्षं मी जे केलं तेच तू दोन महिने केलंस. तुझ्यापाशी निदान व्हिसाचं कारण होतं. माझ्यापाशी एक कप चहा होता. पण तू ‘दिलं’ लिहिलंस ना, तो एक शब्द माझ्या घशातून उतरत नाही. त्याला वेळ लागेल. किती ते विचारू नकोस.

निवेदनाची दुसरी प्रत मी काल स्वतः पोस्टानं पाठवली. तुझं नाव त्यात नाही. जीननं ऑफिसला लिहिलेल्या पत्रांचं तिनंच मला तिच्या स्वयंपाकघरात सांगितलं होतं, तेवढंच लिहिलंय आणि ते खरं आहे. टीप तर टीप. वर चोर आणि खाली बारीक अक्षरात चोर नाही, असं आर्थरचं नाव राहील. तू नोकरी सोडू नकोस. घाबरलेला माणूस कसा असतो हे माहीत असलेलं कुणीतरी तिथे असावं. फॉर्मच्या शेवटी त्या चार कोऱ्या ओळी मात्र घालून घे.

शनिवारी मी पुन्हा थॉर्नरिगला जातोय. तिनं दार उघडलं तर सांगेन, नाही उघडलं तर फाटकावर उभा राहून सांगेन. मधूचा डबा परत नेतोय. तो केक तिनं खऱ्या बातमीसाठी दिला होता, आणि मी खोटी देऊन आलो. डबा माझ्याकडे ठेवायचा मला हक्क नाही.

आज घासून ठेवला. काय घालावं म्हणून स्वयंपाकघरात उभा होतो. मधू असती तर म्हणाली असती, काही नाही तर चिमूटभर साखर तरी घाला, रिकामा नेऊ नका. साखरेचा डबा उघडला, आणि तसाच बंद केला.

काका